स्मृतिचषक नको, कॅसेटी परत द्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद

विषय : माझ्या वडिलांच्या नावाने जाहीर झालेली फुटबॉल स्पर्धा आणि त्यांनी तुमच्या स्वाधीन केलेल्या ११२ कॅसेटी

सा. न. वि. वि.

संस्थेचं नाव वर मुद्दाम घातलेलं नाही. बाबा असताना घरात या संस्थेविरुद्ध कोणी शब्द काढला तर ते जेवणावरून उठायचे, आणि अजून त्यांचं वर्षश्राद्धही झालेलं नाही. फोंडा तालुक्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. याआधी मी तुम्हाला दोन पत्रं दिली. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही. म्हणून हे तिसरं चारचौघांत.

यंदाच्या श्रावणात बाबा गेले. वय ७५. त्यांचा आवाज ओळखणारे हजारो, चेहरा ओळखणारे त्या मानाने थोडे. दिवसा ते वीज खात्यात मीटर रीडर होते. दारात उभं राहून नुसतं "मीटर!" म्हणून हाक घातली की आतून एखादी बाई पदराला हात पुसत बाहेर यायची आणि विचारायची, "रेडिओर उलयता तो मनीस मरे तूं?" म्हणजे रेडिओवर बोलतो तो माणूस ना तू? त्या दिवशी बाबा घरी येऊन दोन वेळा चहा मागायचे.

शनिवार-रविवार मैदानावर. लीगचे सामने असले की रेडिओवर, तेही 'कॅज्युअल' म्हणजे सामन्यागणिक करारावर. गावागावांच्या स्पर्धा असल्या की लाउडस्पीकरवर, फुकट. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पण माइक हातात आला की बाबांची मराठी सुरू व्हायची. ती ते शाळेत थोडी आणि देवळातल्या नाटकांत जास्त शिकले. आजोबा अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, जत्रांच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. विंगेत कंदील धरून उभं राहायचं आणि नटाचा श्वास अडकला की नेमका तेवढाच शब्द पुढे सरकवायचा. लहानपणी बाबा त्यांच्या पायाशी बसून वही धरायचे. शब्द कधी द्यायचा यापेक्षा कधी द्यायचा नाही हे तिथे कळलं, असं ते सांगत. गोल झाला की बाबा तीन-चार सेकंद गप्प. फक्त मैदान ओरडतंय. मग हळूच, "जाळीनं चेंडू गिळला."

हे वाक्य त्यांचं स्वतःचं. अशी बरीच होती. उंच उडालेल्या चेंडूला "पोफळीचा शेंडा चाटून आला" म्हणत. मोकळ्या गोलासमोर कोणी चुकला तर "पानावर बसला आणि पान उचललं." मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन बाळ ज. पंडितांनी घराघरांत नेलं, ते ऐकतच बाबा मोठे झाले. पण फुटबॉलला चेंडू आणि चेंडू यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा नसते, तिथे ती भाषा त्यांना आपल्या मापाने पुन्हा शिवावी लागली. १९८३ साली गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोव्याच्या संघाने कलकत्त्यात बंगालसोबत संतोष करंडक, म्हणजे राज्याराज्यांच्या फुटबॉल संघांचा करंडक, वाटून घेतला आणि पुढच्या वर्षी मद्रासला पंजाबला १–० हरवून एकट्याने आणला. त्या दोन वर्षांत गोव्यात जो तो फुटबॉलवर बोलत होता. त्यातच एका गावच्या स्पर्धेत ठरलेला निवेदक आला नाही, आणि कोणीतरी माइक बाबांच्या हातात दिला. तो त्यांनी पुढे तीस-पस्तीस वर्षं सोडला नाही.

आता कॅसेटींचं.

त्या आईने केल्या. बाबा मैदानावर आणि आई घरी टू-इन-वनसमोर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या यंत्रासमोर. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबायची, वर्णन सुरू होण्याआधी अर्धा मिनिट. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. म्हणजे पूर्वार्ध साइड ए, उत्तरार्ध साइड बी. मध्यंतरात ती उलटायची, तोवर आई चुलीकडचं बघून यायची. फुटबॉलचा सामना जणू कॅसेट बघूनच बेतलाय असं मला लहानपणी वाटायचं. एकच अडचण होती. फीत मिनिट-दीड मिनिट जास्त असते, त्यापुढे खट्ट करून बटण वर उडतं. इंज्युरी टाईम कधीच पूर्ण टेप व्हायचा नाही. मग आई कॅसेटच्या आतल्या कागदावर पेन्सिलने लिहून ठेवायची : "शेवटची तीन मिनिटं. कॉर्नर. डोक्याने. आपले जिंकले." कित्येक सामन्यांचा निकाल फितीवर नाहीच, त्या कागदावर आहे.

त्यांतली एक कॅसेट रेडिओची नव्हती. १९९० साली संतोष करंडकाची फायनल फातोर्ड्याला झाली, गोव्याने केरळला २–० हरवलं. त्या दिवशी बाबा माइकवर नव्हते, तिकीट काढून गॅलरीत बसले होते. रात्री घरी आले ते घसा बसूनच, आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्यांनी सगळा सामना आम्हाला पुन्हा खेळून दाखवला. आदोळी म्हणजे विळी आणि कळशी यांच्या मधला तो गोल, भिंडाचं म्हणजे कोकमाचं सुकलेलं बी तो चेंडू. आईने बटणं दाबली. दुसऱ्या गोलाच्या जरा आधी कुकरची शिट्टी होते आणि बाबा थांबतात, शिट्टी संपेपर्यंत. मी तेव्हा आठ वर्षांची. मधूनमधून माझा आवाज येतो, "आनी मागीर?" म्हणजे, आणि मग?

२०११ साली, चतुर्थी झाल्यावर, तुमचे तेव्हाचे दोन पदाधिकारी घरी आले. गॅलरीखाली क्रीडा दालन करायचंय म्हणाले. जुने फोटो, बूट, करंडक आणि बाबांचा आवाज. मुलं येतील, हेडफोन लावून ऐकतील. आई तयार नव्हती. बाबा म्हणाले, घरात ठेवून कोणाला उपयोग? ११२ कॅसेटी आणि १९ रजिस्टरं गेली. तुमच्या लेटरहेडवर पोच आहे, सही-शिक्क्यासकट. तिची झेरॉक्स दोन्ही पत्रांना जोडली होती.

रजिस्टरांत काय होतं हे बहुतेक तुमच्यापैकी कोणी उघडून पाहिलेलं नसेल. सामन्याआधी बाबा दोन्ही संघांच्या पोरांना भेटायचे आणि एकच प्रश्न विचारायचे : "घरात तुला काय म्हणून हाक मारतात?" यादीत 'जोआव' लिहिलेला घरी जुवांव असतो, ते बाबांना माइकवर चुकवायचं नव्हतं. कोणाचा वाडा कुठला, कोण पहाटे सायकलवर पाव घालणारा पोदेर, कोणाचा बाप तारवटी म्हणून बोटीवर आणि सहा-सहा महिने सामना बघत नाही, सगळं लिहिलेलं. बाबा माइकवर म्हणायचे, "याचे वडील आत्ता बोटीवर आहेत, त्यांना कोणीतरी कळवा हो." तालुक्यातल्या फुटबॉलची एवढी नोंद दुसऱ्या कोणी ठेवली असेल तर मला दाखवा.

बाराव्यानंतर चार दिवसांनी मी मैदानावर आले. पावसाने उघडीप दिली होती. गोलपोस्टसमोरची जमीन खरवडून नवं गवत पेरलं होतं, आणि बी टिपायला पाखरं बसू नयेत म्हणून काठ्या रोवून त्यांवर फिती ताणल्या होत्या. तपकिरी, उन्हात लखलखणाऱ्या. वारा आला की सगळ्या मिळून एक बारीक भुंग्यासारखा आवाज काढत होत्या. अशा फिती वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेतात मी लहानपणापासून पाहिल्यात, त्यामुळे आधी काही वाटलंच नाही. पेनल्टी एरियाच्या कडेने चालताना पायाखाली कॅसेटचं रिकामं कवच आलं. उचललं. लेबलवर आईचं अक्षर : "साइड बी. उत्तरार्ध."

मैदान सांभाळणाऱ्या माणसाचा यात काडीचाही दोष नाही. त्याला सांगितलं होतं, खोलीतलं भंगार रिकामं कर. त्याने कामाची वस्तू कामाला लावली. मी कोण हे कळल्यावर तो बिचारा खाली बसला. मग चहा आणून दिला आणि उरलेला क्रेट चुन्याच्या पोत्यांमागून स्वतः ओढून काढून दाखवला. त्यात ३१ कॅसेटी आहेत. निम्म्यांवर पांढरी बुरशी. रजिस्टर एकही नाही. वाळवीने खाल्ली, असं मला तुमच्या कार्यालयात सांगण्यात आलं; १९ च्या १९ खाल्ली आणि पुठ्ठाही मागे ठेवला नाही, इतकी टापटिपीची वाळवी मी पाहिलेली नाही. त्या माणसावर कारवाई केलीत तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन, हे इथेच लिहून ठेवते. भंगार कुठलं हे ठरवणारे वेगळे होते.

कपिल देवने १९८३ च्या विश्वचषकात टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केल्या आणि त्याची चित्रफीत नाही, यावर आपण चाळीस वर्षं हळहळतोय. तिथे निदान बीबीसीचा संप होता असं सांगतात. आपल्याकडे कोण संपावर होतं?

यानंतर तिसऱ्या आठवड्यात फोंड्याच्या तिस्कावर, म्हणजे चौकात, फ्लेक्स लागला. बाबांचा फोटो, वर 'भावपूर्ण आदरांजली', खाली त्यांच्या नावाचा 'स्मृतिचषक', आणि बक्षिसाची रक्कम. फोटो माझ्या फेसबुकवरून उचललेला. शेजारी मी होते, मला कापलंय. ते राहू द्या. पण ज्या माणसाच्या नावाने करंडक देणार त्याच्या बायकोला एक फोन करायला काय हरकत होती? आम्हाला कळलं ते शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवरून. फ्लेक्सवर 'आवाजाचा वारसा जपू या' असंही छापलंय. ही ओळ ज्याने सुचवली त्याने ती फीत त्या दिवशी वाऱ्यावर ऐकायला हवी होती.

वारसा म्हटलं की तुम्हाला मुलगा आठवला. उद्घाटनाच्या सामन्याचं समालोचन माझ्या भावाने करावं असा निरोप आला. दादा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफसाइड म्हणजे काय हे त्याला बाबांनी तीनदा समजावलं आणि मग सोडून दिलं. त्याने तुमच्या सभासदाला फोनवरच सांगितलं की बहिणीला विचारा. त्यावर उत्तर आलं, "ती पुष्पगुच्छ देतली मरे. वारस चलो न्हय?" म्हणजे ती पुष्पगुच्छ देईल ना, वारस मुलगाच नव्हे का? आणि वर, समालोचन पुरुषाच्याच आवाजात शोभतं.

माझा दिवसाचा धंदा गणित शिकवणं. पण अकरा वर्षं मी बाबांच्या डाव्या बाजूला बसले. कोणी कोणाला पास दिला, कितव्या मिनिटाला, पिवळं कार्ड कोणाला, ते चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचं. म्हणजे आजोबांचंच काम. २०१६ साली एका उपांत्य सामन्यात बाबांचा घसा पार बसला आणि शेवटची २२ मिनिटं मी बोलले. दुसऱ्या दिवशी बाजारात नुस्तेंकान्न, म्हणजे मासे विकणारी बाई, मला म्हणाली, "काल तुज्या बापायचो ताळो मातसो बारीक जाल्लो गो." म्हणजे काल तुझ्या वडिलांचा आवाज जरा बारीक झाला होता. तिला एवढाच फरक जाणवला. आणि पुरुषाचा आवाज म्हणाल तर सी. के. नायडूंच्या मुलीने, चंद्रा नायडूंनी, इंदूरला १९७० च्या दशकातच क्रिकेटचं समालोचन केलं होतं. बापाचं नाव एवढं मोठं असताना मुलगी माइकवर बसली आणि आभाळ काही कोसळलं नाही. तेव्हापासून पन्नास वर्षं होत आली, आणि आपण अजून पुष्पगुच्छावर.

आणखी बारीकसारीक बरंच आहे. नवी गॅलरी झाल्यावर बाबांना पास बंद झाला, ते तिकीट काढून बसायचे. मध्यंतरात आता डीजे लागतो आणि वर्णन फक्त फायनलला. पण बाबा स्वतः यावर कधी बोलले नाहीत, तेव्हा मीही ती यादी वाढवत नाही.

मागण्या सांगते. कोणाला शिव्या द्यायच्या नाहीत, कोणाचा राजीनामा नको.

स्पर्धा खुशाल भरवा, पण खालच्या गोष्टींचा निकाल लागेपर्यंत बाबांचं नाव आणि फोटो फ्लेक्सवरून काढा. हे आईचं म्हणणं आहे, माझं नव्हे. मी एवढंही मागितलं नसतं.

गॅलरीखालची खोली आमच्या घरच्या एका माणसासमोर आणि तुमच्या दोघांसमोर उघडा. काय आहे, काय नाही, याची यादी करून तिच्यावर सह्या करा. काठ्यांवरच्या फितीसुद्धा गुंडाळून द्या. ओढून तोडू नका, काठीसकट दिल्यात तरी चालेल. रजिस्टरं खरोखर वाळवीने खाल्ली असतील तर तसं लेखी द्या. कोणाच्या घरी गेली असतील तर त्यांनी रात्री आमच्या पडवीत ठेवून जावं, आम्ही विचारणार नाही.

ज्या कॅसेटी वाचवण्यासारख्या आहेत त्या संस्थेच्या खर्चाने जाणकाराकडून डिजिटल करून घ्या. मोबाइल स्पीकरसमोर धरून नव्हे. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेला असतो, आपल्या पावसाळ्यात तो ओल धरतो आणि चिकट होतो. तशी फीत यंत्रात घातली की थर खरवडून हेडवर उतरतो आणि आवाज कायमचा जातो. दुसरी संधी नसते. एक प्रत आम्हाला, एक तुमच्याकडे आणि एक पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात द्या. १८३२ पासून ते ग्रंथालय माणसांचे शब्द सांभाळतंय, आणखी ३१ कॅसेटी त्याला जड होणार नाहीत. २०१२ साली फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ झाला. त्या खेळाचं मराठीतलं, कोंकणीतलं वर्णन कसं होतं हे उद्या कोणाला ऐकावंसं वाटलं तर त्याला जायला जागा हवी.

शेवटची मागणी समालोचकाबद्दल. वारसाहक्काने कोणाला बसवू नका, दादाला नको आणि मलाही नको. खुली चाचणी घ्या. मराठी बोलणारे येऊ देत, कोंकणी बोलणारे येऊ देत, मुलगे, मुली सगळे. दहा मिनिटांचा सामना लावा आणि डोळे मिटून ऐका. मीही रांगेत उभी राहीन. नापास झाले तर पुष्पगुच्छ देईन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं.

हे पत्र बाहेर द्यायच्या आधी आईला वाचून दाखवलं. मैदानावरच्या फितींचं मी तोवर तिच्यापासून लपवलं होतं. त्या परिच्छेदापाशी आवाज लागेना म्हणून थांबले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सवणीं तरी भियेलीं?" पाखरं तरी भ्यायली का?

आता हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना. आई एका कॅसेटच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती करायची. वाड्यावरचा कोणी कुवेतला, बहारीनला निघाला किंवा बोटीवर चालला की लोणच्याच्या बरणीबरोबर एक कॅसेट जायची. आपल्या गावचा सामना त्याने तिकडे खोलीत बसून ऐकावा म्हणून. त्यांतल्या काही कॅसेटी माणसांबरोबर परतही आल्या असतील. तुमच्या पोटमाळ्यावर, जुन्या ट्रंकेत, बापाच्या बोटीवरच्या बॅगेत बघा. कवचावर निळ्या शाईत 'साइड ए, पूर्वार्ध' आणि आतल्या कागदावर पेन्सिलीचं बारीक अक्षर असेल, तर ती आमची. रिवाइंड करू नका, वाजवून बघू नका. कोरड्या कापडात गुंडाळून तशीच आणून द्या. मीटरवाल्याचं घर कोणीही दाखवील.

आपली,
रेडिओवर बोलणाऱ्या त्या मीटरवाल्याची मुलगी
फोंडा, गोवा